पोरांच्या मोबाइलमधलं जपान

  आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते आपल्या पोरांच्या मोबाइलमधल्या कार्टूनविषयी.

गेल्या महिन्यात टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका गावात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या झाल्या. मी रजिस्टर मिटणार एवढ्यात एक ताई म्हणाली, "ताई, माझी पोरगी दहावीला आहे. येताजाता मोबाइलवर जपानी कार्टून बघते. एवढी मोठी झाली, हिला आता कार्टून कशाला पाहिजे?" दुसरी म्हणाली, "माझा तर त्यांच्या भाषेतली गाणी म्हणतो. काय म्हणतो ते त्यालाच ठाऊक." तिसरी म्हणाली, "आणि त्या चित्रांचे डोळे किती मोठे, बाई!" सगळ्या हसल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. समन्वयक ताईला सगळं माहीत असतं असा आपल्याकडे एक समज आहे ना!

मी गप्प बसले, कारण माझ्या घरातही तेच चाललं होतं आणि त्यात चूक माझी होती.

माझी मुलगी नववीत आहे. आम्ही कल्याणला राहतो. सहामाही परीक्षेच्या आधी तिच्या दप्तरात एक दोनशेपानी वही सापडली. उघडली तर अभ्यासाचं एक अक्षर नाही. पानोपानी चौकटी आणि चौकटींत मोठ्या डोळ्यांची माणसं. वहीची सुरुवातसुद्धा मागच्या पानापासून. माझं डोकं फिरलं. रविवारी रद्दीवाला आला, तेव्हा वर्तमानपत्रांबरोबर ती वहीही देऊन टाकली. तिला कळलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. पुढे आठ-दहा दिवस माझ्याशी हो आणि नाही यापलीकडे बोलली नाही. मग तिच्या मैत्रिणीकडून समजलं की त्या वहीत ती दीड वर्षापासून एक गोष्ट चित्रांतून लिहीत होती. गावाला एकटी राहणारी आजी आणि तिची नात यांची गोष्ट. ती आजी म्हणजे माझीच आई.

वही तर गेली. मग मी ठरवलं की यापुढे आधी बघायचं आणि मग बोलायचं. रात्रीची भांडी झाली की अर्धा तास तिच्या शेजारी बसायचं. असं तीन महिने केलं. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

ॲनिमे म्हणजे काय, मंगा म्हणजे काय?

जपानमध्ये छापील चित्रकथेला मंगा म्हणतात आणि हलत्या चित्रांच्या मालिकेला किंवा सिनेमाला ॲनिमे. पुष्कळदा आधी मंगा येतं. साप्ताहिकात किंवा मासिकात दर अंकाला एक प्रकरण छापलं जातं. लोकांना गोष्ट आवडली की त्यावर ॲनिमे निघतं. मंगा बहुतेक काळं-पांढरं असतं आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. म्हणजे माझ्या लेकीची वही उलटी नव्हती, ती कशी वाचायची ते मला ठाऊक नव्हतं.

मालिकेचा एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. सुरुवातीला दीड मिनिटाचं गाणं, शेवटीही तेवढंच गाणं, मधे गोष्ट. हे मुद्दाम सांगतेय, कारण "फक्त एकच भाग बघते" असं पोरं म्हणतात तेव्हा किती वेळ लागणार ते आपल्याला माहीत असावं.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना मोगली आठवतो का? १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचा. आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही होता आणि आम्ही दहा-बारा पोरं त्यांच्या ओट्यावर बसायचो. तो मोगली जपानी होता! निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये ती मालिका केली होती. हिंदीतलं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानचा आवाज आपल्या मुरुडच्या नाना पाटेकरांचा. ते गाणं आजही कुणी सुरू केलं तर आपण पुढचं म्हणतो. म्हणजे आपणही जपानी कार्टून बघूनच मोठ्या झालो, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

सगळी कार्टून लहान मुलांची नसतात

आपली समजूत अशी की कार्टून म्हणजे पोराटोरांचं. एक तर त्यामुळे आपण मोठ्या मुलांना हसतो आणि दुसरं म्हणजे लहान मुलांच्या हातात काहीही देतो. दोन्ही चूक.

शिनचॅनचंच बघा. आपल्याकडे पाच वर्षांची मुलं तो बघतात, कारण शिनचॅन स्वतः पाच वर्षांचा आहे. पण योशितो उसुई यांनी १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात. आईवडिलांनी वाचून हसावं म्हणून. आपल्याकडे २००६ मध्ये तो हिंदीत टीव्हीवर आला. मुलं उद्धट होतात अशा तक्रारी झाल्या, २००८ मध्ये सरकारने बंदी घातली आणि २००९ मध्ये काटछाट होऊन तो परत आला.

मला शिनचॅन आवडला, पण त्याच्या आईसाठी. ते कुटुंब राहतं कासुकाबे नावाच्या गावात. टोकियोच्या बाहेरचं हे गाव म्हणजे त्यांचं डोंबिवलीच समजा. बाप रोज गर्दीच्या गाडीने टोकियोला कामाला जातो, घराचं कर्ज डोक्यावर आहे आणि आई दुकानात स्वस्त माल कधी लागतो त्यावर टपून असते. ती ओरडते, थकते, दुपारी जरा आडवी होते आणि तेवढ्यात पोरगा काहीतरी सांडून ठेवतो. मोठ्यांनी बघितलं तर ती आपलीच कथा आहे. लहान मूल मात्र त्यातला फक्त उद्धटपणा उचलतं. माझं मत असं की सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला शिनचॅन एकट्याने बघू देऊ नये.

काही ॲनिमे तर निव्वळ प्रौढांसाठी असतात. त्यात रक्तपात असतो, उघडीवाघडी दृश्यं असतात. म्हणून सुरू करण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात बघा. यू म्हणजे सगळ्यांना चालेल. यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ असं लिहिलेलं असेल तर त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते आईबापांनी ठरवायचं. नुसतं ए असेल तर फक्त मोठ्यांसाठी. ही अक्षरं गटातल्या प्रत्येकीला ओळखता आली पाहिजेत, औषधाच्या पाकिटावरची तारीख बघतो तशी.

मी काय काय बघितलं

आता माझी मतं सांगते. मी काही जाणकार नाही, तुमच्यासारखीच बघणारी.

पहिला सिनेमा, 'माय नेबर तोतोरो'. १९८८चा, हायाओ मियाझाकी यांचा. आई आजारी, दवाखान्यात आहे. बाप दोन मुलींना घेऊन दवाखान्याजवळच्या खेड्यात राहायला येतो. शेजारी भातखाचरं, मोठं झाड आणि झाडात राहणारा एक गुबगुबीत प्राणी. यात खलनायक नाही, मारामारी नाही. धाकटी चार वर्षांची मुलगी आईसाठी मक्याचं कणीस घेऊन एकटीच दवाखान्याकडे निघते. तिला वाटतं, ताजं कणीस खाल्लं की आई बरी होईल. तिथे मी पदर डोळ्यांना लावला आणि माझी लेक माझ्याकडे बघत होती. लहानमोठ्या सगळ्यांनी बघावा असा.

दुसरा, 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड', २०१६चा. फुमियो कोनो या हिरोशिमाच्या बाईंच्या मंगावर केलेला. सुझू नावाची मुलगी १९४४ मध्ये लग्न होऊन कुरे या बंदराच्या गावी जाते. महायुद्ध चालू आहे, रेशन कमी होत चाललंय. ती बांधावरच्या रानभाज्या खुडते, मूठभर तांदूळ वाढवून सगळ्या घराला पुरवते. नणंदेचे टोमणे आहेत, शिवणकाम आहे आणि जमेल तेव्हा चित्र काढणं आहे. मग बॉम्ब पडतात. पुढचं सांगत नाही. मोठ्या बायांनी मिळून बघावा असा हा सिनेमा आहे. आणि एक गंमत ऐका. या सिनेमाला पैसे मिळेनात, तेव्हा तीन हजारांवर सामान्य लोकांनी वर्गणी काढून त्याची सुरुवात करून दिली. थोड्या थोड्या पैशांतून काय उभं राहतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

तिसरा, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', म्हणजे काजव्यांचं थडगं. इसाओ ताकाहाता यांचा. १९८८ मध्ये तोतोरोबरोबर एकाच दिवशी लागला होता. युद्धात आई गेलेली, चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण. नातेवाईक बाई जेवणावरून बोलते, म्हणून दोघं घर सोडतात. पुढे भूक. सिनेमा फार चांगला आहे, पण लहान मुलांना दाखवू नका. मलाच दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

चौथं, 'डेमन स्लेअर'. सध्या पोरं याच्याच मागे आहेत. याचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ला आपल्याकडे लागला, हिंदीतसुद्धा. गोष्ट तान्जिरो नावाच्या मुलाची. डोंगरात कोळसा करून तो बाजारात विकतो. आपल्या शहापूर-मुरबाडचे कातकरी बांधव भट्टीवर जातात, तसंच कष्टाचं घर. एका रात्री एक राक्षस घरच्या सगळ्यांना मारतो. वाचलेली बहीण राक्षसीण होते, पण भाऊ तिला टाकत नाही. पाठीवरच्या पेटीत घालून सगळीकडे नेतो. भावाची ही माया मला पटली. मात्र तलवारबाजी आणि रक्त फार. माझ्या मते तेरा वर्षांच्या आत नको.

पाचवं, 'रामायण'. हो, रामायणाचंही ॲनिमे आहे. युगो साको या जपानी गृहस्थांनी आपल्या राम मोहन यांच्या बरोबरीने ते केलं. १९९३चा हा सिनेमा आपल्याकडे थिएटरांत रीतसर लागला तो २४ जानेवारी २०२५ला. म्हाताऱ्या माणसांबरोबर बघायला उत्तम. राम मोहन मुंबईत काम करायचे. युनिसेफची मीना आठवते? मिठू पोपटवाली, भावासारखंच शिकायला मिळावं म्हणणारी? जिच्या नावाने आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मीना-राजू मंच चालतो? त्या मीनाला घडवण्यात याच राम मोहन यांचा मोठा हात होता. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रं काढण्यातून माणूस कुठवर जातो बघा.

आणि सहावं, 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं पुस्तक १९८१चं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद पुष्कळ शिक्षक आणि अंगणवाडी ताईंनी वाचलेला असेल. २०२३ मध्ये जपानमध्ये त्याचं ॲनिमे आलं. शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला एक हेडमास्तर कसं समजून घेतात त्याची ही खरी हकिकत. शाळेचे वर्ग जुन्या रेल्वेच्या डब्यांत भरतात. डब्यात थोडं डोंगरातलं आणि थोडं समुद्रातलं आणायचं असा नियम. मी म्हटलं, आपल्या पोरांचं जमलं, रानभाजी आणि सुकट! ॲनिमे मिळालं नाही तरी वाचनालयात पुस्तक विचारा.

गाण्यांविषयी

भाषा कळत नाही तर पोरं गाणी कशी म्हणतात? मी लेकीला विचारलं. तिने वहीत जपानी शब्द देवनागरीत लिहिले होते आणि पुढे अर्थ. डेमन स्लेअरच्या पहिल्या गाण्याचं नाव 'गुरेंगे', म्हणजे लाल कमळ. मला ते गाणं जरा आरडाओरडीचं वाटलं, तसं मी तिला सांगितलंही. तोतोरोचं संगीत जो हिसाइशी यांचं, ते मात्र भाकऱ्या करताना मीही गुणगुणते. आवडनिवड वेगळी असली तरी चालतं. लेक मला म्हणाली, "आई, तू ऐकून तरी नावं ठेवलीस." तिचं ते बोलणं मला लागलं, पण बरंही वाटलं.

आपण काय करायचं?

पहिलं, शेजारी बसा. आठवड्यातून एक भाग. तीन प्रश्न विचारा: यातलं तुला कोण आवडतं? का आवडतं? त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? टीका नंतर करा.

दुसरं, वेळ ठरवा. एक भाग चोवीस मिनिटांचा, म्हणजे अभ्यासाच्या दिवशी एक, सुट्टीच्या दिवशी दोन. मूल रात्री झोपत नसेल, जेवण टाळत असेल, शाळा बुडवत असेल तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. शिक्षकांशी बोला.

तिसरं, पैशांवर लक्ष ठेवा. फुकटच्या चोरट्या साइटवर घाणेरड्या जाहिराती येतात आणि फोनमध्ये नको ते शिरतं. पैसे भरून बघायच्या ॲपवर ऑटोपे चालू राहिलं तर दर महिन्याला तुमच्या खात्यातून रक्कम कापली जाते. गटाच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्यात असतो, विसरू नका. महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे बघा. ओटीपी मुलांनाही सहज सांगू नका.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पोरं आपली चित्रं ऑनलाइन टाकतात. अनोळखी माणूस चित्राचं कौतुक करतो आणि मग मुलीचा फोटो मागतो, असंही होतं. आईचा धाक असला तर मुलगी हे लपवते. आईशी बोलणं असलं तर सांगते. अशी अडचण आली तर चाइल्डलाइनचा नंबर आहे १०९८, फोन फुकट लागतो.

परवा त्याच गावात पुन्हा बैठक झाली. काम आटोपल्यावर मी मोबाइल रजिस्टरला टेकवून ठेवला आणि तोतोरोची सुरुवातीची वीस मिनिटं लावली. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. कुणालाच कळेना. तेव्हा त्या ताईची दहावीतली मुलगी पुढे येऊन बसली आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. भातखाचरं दिसल्यावर एक आजी म्हणाल्या, "हे तर आपलंच शिवार की!" पोरीची आई काही बोलली नाही. पण पोरगी थांबली की तीच विचारायची, "मग? पुढं काय म्हणते ती?"

माझ्या घरचं विचाराल तर लेकीने नवी वही केली आहे. आता ती दप्तरात लपवत नाही, फळीवर ठेवते. मला अजून दाखवलेली नाही आणि मी न विचारता उघडलेली नाही. जुनी गोष्ट ती पुन्हा काढतेय की दुसरी, ते मला माहीत नाही. दाखवेल तेव्हा दाखवेल.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर रद्दीत टाकण्याआधी एकदा विचारा, "हे काय काढलंयस गं?" एवढं केलंत तरी आजचं बोलणं कामी आलं असं मी समजेन. पुढच्या भागात पावसाळ्याआधी बी-बियाणांच्या खर्चाचं नियोजन घेऊन येते. तोवर नमस्कार.